दोन दिवस समुद्राकाठी, मोकळ्या हातांनी

सुट्टीचा दिवस उजाडला की आपल्या घरात काय होते? आठवड्याचे साठलेले कपडे भिजत पडतात. गिरणीतून दळण आणले जाते. गळकी तोटी, तुटलेली कडी दुरुस्त होते. नात्यात कुठे साखरपुडा असला तर तिकडे हजेरी लागते. संध्याकाळी घरातली बाई म्हणते, "सुट्टी आली कधी आणि गेली कधी, कळलेच नाही." तिचे म्हणणे खरेच असते. कामावरून सुट्टी मिळाली म्हणून आराम मिळतोच असे नाही. सुट्टी मालक देतो, आराम मात्र आपल्यालाच ठरवून घ्यावा लागतो. आणि तो ठरवताना घरातले एकही माणूस विसरता कामा नये.

हा आराम ठरवायचा कसा, हे समजून घेण्यासाठी आज आपण स्पेन देशातल्या एका समुद्रकाठच्या गावाकडे पाहू. गावाचे नाव बेनिडॉर्म. युरोपातल्या श्रीमंतांना मिरवण्यासाठी दुसरी ठिकाणे पुष्कळ आहेत. बेनिडॉर्म हे गाव गिरणीत, कारखान्यात, दुकानात राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा बेताने वाढले. म्हणूनच काही लोक त्याला नाके मुरडतात, आणि म्हणूनच ते आपण समजून घेण्याजोगे आहे.

मासेमाऱ्यांचे गाव

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राला लागून, अलिकांते प्रांतात हे गाव आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ते एक साधे कोळ्यांचे गाव होते. ट्यूना हा मोठा मासा पकडण्यासाठी समुद्रात जाळ्यांचा चक्रव्यूह उभारतात, त्याला तिकडे 'आल्माद्राबा' म्हणतात. या कामात बेनिडॉर्मची माणसे इतकी तरबेज होती की दूरदूरच्या किनाऱ्यांवर जाळी लावायला त्यांनाच म्होरके म्हणून नेत. पुढे मासा कमी झाला, आणि १९५२ साली गावाची स्वतःची आल्माद्राबा बंद पडली. पोट कशावर भरायचे, हा प्रश्न गावापुढे उभा राहिला.

त्या सुमारास पेद्रो सारागोसा नावाचा तरुण गावाचा महापौर होता. त्याने ओळखले की गावाजवळ विकण्यासारख्या तीनच गोष्टी आहेत : ऊन, वाळू आणि शांत समुद्र. १९५६ साली गावाचा विकास आराखडा तयार झाला. रस्त्यावर गाड्या तुरळक असतानाच रुंद रस्ते आखले गेले. १९६३ साली आराखड्यात बदल होऊन इमारतींच्या उंचीवरचे बंधन सैल झाले आणि गाव आडवे पसरण्याऐवजी उभे वाढू लागले. २००२ साली उघडलेले ग्रान होटेल बाली तर १८६ मीटर उंच आहे. दुरून पाहिले तर कोळ्यांच्या गावात कुणी शंभर मनोरे रोवून ठेवल्यासारखे वाटते.

दिसायला हे सर्वांनाच आवडते असे नाही. पण यात एक हिशेब आहे. तेवढीच माणसे बंगल्यांत ठेवायची तर किती डोंगर खणावे लागले असते? उंच इमारतीत थोड्या जागेत पुष्कळ माणसे राहतात आणि बहुतेक सगळे पायी चालत वाळूपर्यंत पोहोचतात. समुद्रकाठी जाण्यासाठी गाडी लागत नाही. गरिबाच्या सुट्टीत याची किंमत फार मोठी आहे.

पाण्याचा धडाही या गावाने कडू पद्धतीने घेतला. १९७८ च्या दुष्काळात बेनिडॉर्मला जहाजांतून पाणी आणावे लागले. त्यानंतर परिसरातील गावे आणि शेतकरी यांच्यात देवाणघेवाणीची व्यवस्था रुळली. शहराचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायचे आणि त्या बदल्यात शेतीच्या वाट्याचे गोडे पाणी पिण्यासाठी घ्यायचे, असा तो व्यवहार आहे.

हे गाव भरले कुणी?

इथे येणारे परदेशी पाहुणे मुख्यतः इंग्लंडचे. त्यांची कथा आपल्या गिरणगावातल्या माणसाला लगेच समजेल. लँकेशायर भागात कापडगिरण्यांची गावेच्या गावे होती. वर्षातून एक आठवडा साऱ्या गावातल्या गिरण्या एकदम बंद राहत आणि अख्खे गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्राला लोटत असे. त्या आठवड्याचा पगार मात्र मिळत नसे. म्हणून कामगार वर्षभर थोडेथोडे पैसे एकत्र जमवीत. आपल्या भिशीसारखीच ती सोय होती. १९३८ साली इंग्लंडमध्ये पगारी रजेचा कायदा झाला आणि युद्ध संपल्यावर हा हक्क घरोघर पोहोचला. पुढे विमानाचे तिकीट, खोली आणि जेवण एकाच रकमेत देणाऱ्या सहली निघाल्या. १९६७ साली अलिकांतेचा नवा विमानतळ सुरू झाला आणि ब्लॅकपूलच्या पावसाला कंटाळलेला कामगार बेनिडॉर्मच्या उन्हात येऊन बसला.

दुसरा मोठा वर्ग स्पेनमधल्या म्हाताऱ्या माणसांचा. १९८५ पासून स्पेन सरकार निवृत्त लोकांसाठी स्वस्त सहलींची योजना चालवते. गर्दी नसते त्या दिवसांत ही मंडळी येतात. त्यांना समुद्र बघायला मिळतो आणि हॉटेलातल्या कामगारांचा हिवाळ्यातला रोजगार टिकतो. सरकारी पैशातून दोन घरांच्या चुली पेटतात, असे हे काम आहे. जन्मभर खाणीत नाहीतर शेतात राबलेली आजी सत्तराव्या वर्षी समुद्रकाठच्या बाकावर बसून पाय हलवते, ही गोष्ट लहान समजू नये.

कोणते दोन दिवस?

आता नियोजनाकडे वळू. पहिला प्रश्न, जायचे कधी? ऑगस्ट महिना टाळावा. साऱ्या स्पेनला तेव्हाच सुट्टी असते. सुमारे ७० हजार रहिवाशांच्या या गावात तेव्हा त्याच्या कितीतरी पट माणसे असतात. ईस्टरच्या आधीचा आठवडाही गर्दीचा. मे, जूनचा पूर्वार्ध, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे दिवस सर्वांत चांगले. ऊन सोसवते, खोल्यांचे दर उतरलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात उन्हाळाभर तापलेला समुद्रही कोमट असतो. मे महिन्यात ऊन असले तरी पाणी थंड लागते, हे ध्यानात ठेवावे.

स्पॅनिश लोकांचा एक गमतीदार शब्द आहे : 'पुएंते', म्हणजे पूल. सणाची सुट्टी गुरुवारी किंवा मंगळवारी आली की मधला दिवस रजा टाकून ती शनिवार-रविवारला जोडायची, याला ते पूल बांधणे म्हणतात. ६ डिसेंबर आणि ८ डिसेंबर या दोन राष्ट्रीय सुट्ट्यांमुळे तिथे दरवर्षी असा पूल बांधण्याची संधी शोधली जाते. मात्र आपल्याला शांतता हवी असेल तर दुसऱ्यांच्या पुलावरून चालू नये. त्या दिवशी गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारपासून बेनिडॉर्मचा ग्रामोत्सव असतो. मिरवणुका, बँड, फटाके आवडत असतील तरच ते दिवस निवडावेत.

पोहोचायचे कसे?

अलिकांतेच्या विमानतळावरून बेनिडॉर्मला थेट बस आहे, तासाभराच्या आत पोहोचवते. माद्रिदहून अलिकांतेपर्यंत २०१३ पासून अतिवेगवान रेल्वे आहे, तिला अडीच तासांच्या आसपास लागतात. अलिकांते शहरातून पुढे ट्रॅम मिळते. ही छोटी गाडी सव्वा तास घेते, पण बराच काळ समुद्राच्या कडेने जाते. लेकरांना खिडकीशी बसवले की प्रवासच सहल होऊन जातो. दोनच दिवस हातात असतील तर शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी संध्याकाळी निघावे. शनिवारी दुपारी पोहोचणाऱ्याचा अर्धा आराम रस्त्यातच संपतो.

खोली की स्वयंपाकघर?

राहण्याची जागा निवडताना घरात एक वाद हमखास होतो. दोन खोल्यांची, स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने मिळते आणि ती हॉटेलपेक्षा स्वस्त दिसते. "आपले आपण करून खाऊ, तेवढेच पैसे वाचतील," असे कुणीतरी म्हणते. म्हणणारा बहुधा पुरुष असतो. पण करून खायचे म्हणजे करणार कोण? भाजी आणणार कोण, भांडी घासणार कोण, निघताना ओटा पुसणार कोण? समुद्रकाठी जाऊन जर घरातल्या बाईला खिडकीतूनच समुद्र बघावा लागणार असेल, तर ती सहल बाकीच्यांची झाली. तिची फक्त चूल बदलली.

यावर तिथे तीन उपाय आहेत. पहिला, हॉटेलात 'मेदिया पेन्सिओन' घ्यावे. यात सकाळची न्याहारी आणि एक वेळचे जेवण भाड्यातच येते. कुटुंब मोठे असेल तर हा हिशेब पुष्कळदा भाड्याच्या घराइतकाच पडतो. दुसरा, फक्त खोली घ्यावी आणि दुपारी 'मेनू देल दिया' खावा. हे दिवसाचे ठरलेले ताट. आधी एक पदार्थ, मग मुख्य पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी, बहुतेक ठिकाणी एखादे पेयही, सगळे एकाच ठरलेल्या दरात. १९६० च्या दशकात सरकारी आदेशाने अशा ठरलेल्या दराच्या ताटाची सुरुवात झाली आणि आज तिथला कामगार दुपारी तेच जेवतो. तिसरा उपाय, भाड्याचेच घर घ्यायचे असेल तर निघण्यापूर्वी कामाची वाटणी करावी. शनिवारचा चहा-नाश्ता मुलाकडे, रात्रीचे पानपाणी वडिलांकडे, भांडी मुलीकडे आणि आई दोन दिवस मोकळी. कागदावर लिहून घेतले तर बोलाचाली होत नाही.

जागा कुठे घ्यावी? गावाला दोन मोठे किनारे आहेत. पूर्वेकडचा लेवांते, म्हणजे उगवतीचा, आणि पश्चिमेकडचा पोनिएंते, म्हणजे मावळतीचा. लेवांते सुमारे दोन किलोमीटर लांब. दुकाने, गाणी, रात्रीचा गोंगाट इकडे जास्त. पोनिएंते सुमारे तीन किलोमीटर, तुलनेने निवांत. दोहोंच्या मधे समुद्रात घुसलेल्या खडकावर जुने गाव आहे. लेकरे आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर पोनिएंतेच्या बाजूला, जुन्या गावाच्या जवळ राहावे. खोली ठरवताना 'समुद्राचे दृश्य' यासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. दिवसभर समुद्रातच असायचे आहे. त्यापेक्षा उद्वाहक आहे का, रात्री खाली गाणीबजावणी असते का, हे दोन प्रश्न विचारावेत.

तिथले घड्याळ

स्पेनमधले जेवणाचे घड्याळ आपल्यापेक्षा उशिराचे आहे. दुपारचे जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचे नऊनंतर. साडेबाराला भूक लागली म्हणून हॉटेल शोधत फिरणारा पाहुणा उपाशी चिडतो आणि सात वाजता रात्रीचे जेवण मागणारा वाट बघत बसतो. बेनिडॉर्ममध्ये इंग्रज पाहुण्यांमुळे काही ठिकाणी लवकर मिळते, पण लहान मुलांसाठी पिशवीत पाव, फळे, दाणे ठेवावेत. दुपारच्या जेवणानंतर लहान दुकाने काही तास बंद होतात. आपणही त्या वेळात पडून घ्यावे. वामकुक्षी आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता दोन दिवसांची आखणी पाहू. नियम एकच : एका दिवसात एकच ठरवलेली गोष्ट. बाकीचा वेळ रिकामा ठेवायचा.

*शुक्रवार संध्याकाळ.* सामान टाकावे आणि जुन्या गावात चालत जावे. गल्ल्या अरुंद, घरे पांढरी. १८ व्या शतकातल्या सान हाइमे चर्चचा निळा घुमट दिसतो. गल्लीच्या टोकाला खडकावर पांढऱ्या कठड्यांचा सज्जा आहे. पूर्वी तिथे किल्ला होता. तिथून दोन्ही किनारे डावी-उजवीकडे पसरलेले दिसतात. तिथे बसावे आणि रात्री काहीतरी हलके खाऊन झोपावे.

*शनिवार.* सकाळी लवकर वाळूवर जावे. ऊन कोवळे असते, गर्दी नसते, पाणी स्वच्छ दिसते. अकरा-साडेअकराला सावलीत यावे. दुपारी ठरलेले ताट. समुद्रकाठी आल्यावर भाताचा पदार्थ एकदा खावाच. 'आरोस आ बांदा' हा कोळ्यांचा भात. बाजारात न खपणाऱ्या लहान माशांच्या रश्श्यात तो शिजवत. तांदूळ आणि मासळी यांची सोयरीक आपल्याला नवीन नाही, त्यामुळे पहिल्याच घासाला ओळख पटते. भात तिथे दुपारचे जेवण समजतात, रात्रीचे नव्हे. डुकराचे मांस पुष्कळ पदार्थांत असते. खात नसाल तर आधी विचारून घ्यावे. मग झोप. पाच-सहाला पुन्हा पाण्यावर. अंधार पडताना पोनिएंतेच्या कडेने फेरी मारावी. २००९ साली पूर्ण झालेला हा रंगीत, लाटांसारखा वळणारा पादचारी रस्ता गाड्यांपासून वेगळा आहे. म्हातारे, बाबागाड्या, चाकाच्या खुर्च्या सगळे त्यावरून निर्धास्त जातात.

*रविवार.* सकाळी बंदरावरून समोरच्या बेटाला बोट जाते. बेट किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर, निर्मनुष्य. भोवतालचा समुद्र आणि शेजारची सिएरा एलादा ही डोंगररांग २००५ पासून संरक्षित निसर्ग उद्यान आहे. मुलांना त्या बेटाची दंतकथा सांगावी. गावामागे पुच काम्पाना नावाचा चौदाशे मीटर उंचीचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्याला चौकोनी खाच आहे. रोल्दान नावाच्या राक्षसाची प्रिया सूर्याच्या शेवटच्या किरणाबरोबर मरणार होती. तिला आणखी थोडे क्षण मिळावेत म्हणून त्याने डोंगराचा तुकडा तोडला, म्हणजे तेवढा वेळ ऊन राहील. तोच तुकडा समुद्रात पडून बेट झाला, असे तिथले लोक सांगतात. बोट नको असेल तर बेट काठावरूनही छान दिसते. दुपारी जेवण, थोडी विश्रांती आणि परतीची बस.

या यादीत करमणुकीची बाग, पाण्याची घसरगुंडी, खरेदीचा बाजार नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. बेनिडॉर्मला हे सगळे आहे आणि मुलांचा हट्टही होईल. पण तिकिटाच्या रांगेत गेलेला दिवस पैशानेही महाग पडतो आणि अंगानेही. चार दिवसांची सहल असेल तर जरूर जावे, दोन दिवसांत नको.

समुद्र सगळ्यांचा

स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्याप्रमाणे समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाळूवर बसायला, पाण्यात उतरायला कुणी पैसे मागू शकत नाही. खुर्ची आणि छत्री भाड्याची असते, ती घ्यायची की चादर अंथरायची हे आपण ठरवायचे. पुढे आलिशान हॉटेल असले तरी त्याच्यासमोरच्या वाळूवर त्याच्या पाहुण्याचा आणि आपला हक्क सारखा. पहाटे छत्री रोवून जागा अडवून ठेवायला बेनिडॉर्ममध्ये मनाई आहे. रात्री बारा ते सकाळी सात किनाऱ्यावर मुक्काम करणे किंवा पोहणेही चालत नाही.

पोहता येत असो वा नसो, झेंडा पाहिल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. हिरवा झेंडा असेल तर जायला हरकत नाही. पिवळा म्हणजे जपून, कमरेच्या खालीच. लाल म्हणजे उतरायचे नाही. समुद्र शांत दिसला तरी लाल तो लालच. मुलांवर नजर ठेवण्याची पाळी वडीलधाऱ्यांनी वाटून घ्यावी. 'सगळे बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नाही. गोऱ्या कातडीलाच ऊन लागते हा समज चुकीचा आहे. टोपी, पाणी आणि दुपारची सावली आपल्यालाही लागते.

कपड्यांचा संकोच पुष्कळ बायकांना वाटतो. हा प्रश्न या गावात जुना आहे. १९५० च्या दशकात महापौर सारागोसांनी परदेशी बायकांना तोकड्या पोहण्याच्या वेषाची परवानगी दिली तेव्हा धर्मगुरू खवळले. आपण स्कूटरवरून माद्रिदला जाऊन हुकूमशहा फ्रँकोला भेटलो आणि प्रकरण मिटवले, असे सारागोसा पुढे सांगत. आज तिथे कुणी काय घातले याकडे कुणी बघत नाही. सलवार-कुर्त्यात पाण्यात बसलेल्या बाईकडेही नाही. नऊवारी खोचून पाय भिजवणाऱ्या आजीलाही तेवढाच समुद्र मिळतो.

खर्चाच्या दोन-तीन बाबी सांगून ठेवतो. २०२२ च्या कायद्याप्रमाणे उपाहारगृहात नळाचे पाणी फुकट मागता येते. बाटलीच घ्यावी असे बंधन नाही. जेवणानंतर बक्षिशी सक्तीची नसते. समुद्राच्या अगदी समोरच्या टेबलापेक्षा दोन गल्ल्या आत तेच ताट स्वस्त मिळते. आजारपण वा अपघात झाला तर ११२ हा क्रमांक फिरवावा. हिरव्या क्रुसाची पाटी दिसली की ते औषधांचे दुकान.

आपली मुले तिकडे असतील तर

आज आपल्यातली काही मुले-मुली शिक्षणाला, नोकरीला युरोपात आहेत आणि आईबापांना बोलावून घेतात. अशा आईबापांना दोन दिवस समुद्रकाठी न्यायचे असेल तर एक गोष्ट समजून घ्यावी. जर्मनी, फ्रान्स, स्पेन असे बरेचसे युरोपीय देश शेंगेन नावाच्या एकाच प्रवेश-करारात आहेत. मुख्य मुक्काम ज्या देशात त्या देशाकडे अर्ज करायचा. तो परवाना मिळाला की स्पेनची दोन दिवसांची सहल त्यातच बसते. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३० हजार युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. ब्रिटनचा परवाना मात्र स्पेनमध्ये चालत नाही, त्यासाठी वेगळा शेंगेन परवाना काढावा लागतो. लेकरांनी आईबापांना राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये दाखवावीतच. पण आठ दिवसांत आठ शहरे पळवून आणण्यापेक्षा दोन दिवस त्यांना एका बाकावर शांत बसू द्यावे.

आपल्या आरामामागचे हात

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शनिवारी सकाळी आपण वाळूवर असतो तेव्हा आपली खोली कुणीतरी आवरत असते. स्पेनमध्ये हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या बायकांनी स्वतःला एक नाव घेतले आहे : 'लास केलीस'. 'ला के लिंपिया', म्हणजे 'जी साफ करते ती', या शब्दांवरून ते आले. २०१२ च्या कामगार कायद्यातील बदलानंतर पुष्कळ हॉटेलांनी हे काम ठेकेदारांकडे दिले. त्यामुळे पगार घटला आणि खोल्यांची संख्या वाढली. जड गाद्या उचलून, पलंग ओढून, वाकून फरशा घासून या बायकांची मनगटे, खांदे, कंबर निकामी होऊ लागली. झोपेच्या गोळ्या आणि वेदनाशामके घेऊन कामावर येण्याची पाळी आल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. त्या संघटित झाल्या. बेनिडॉर्ममध्येही त्यांची संघटना उभी राहिली. एप्रिल २०१८ मध्ये स्पेनच्या पंतप्रधानांना त्यांची भेट घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हात-खांद्याचे काही आजार त्यांच्या कामामुळे होणारे आजार म्हणून सरकारने मान्य केले. २०२१ अखेरच्या कायद्याने ठेकेदाराच्या कामगारालाही त्या क्षेत्राच्या करारातला पगार मिळण्याची वाट मोकळी केली. बालेआरिक बेटांनी २०२२ मध्ये हॉटेलांत उंच-खाली करता येणारे पलंग बसवण्याचा कायदा केला. बाईला वाकावे लागू नये, एवढी साधी ती गोष्ट. पण ती कायद्यात यायला इतकी वर्षे लागली.

आपण स्वतः दुसऱ्यांच्या घरी, कार्यालयात, इस्पितळात झाडलोट केलेली माणसे आहोत. खोली आवरणाऱ्या बाईचे दुखणे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून निघताना चार गोष्टी कराव्यात. कचरा एका पिशवीत भरावा. ओले टॉवेल एका जागी ठेवावेत. पायाची वाळू खालच्या नळावर धुऊनच वर जावे. आणि ती बाई जिन्यात भेटली तर 'ग्रासियास' म्हणावे, म्हणजे 'आभार'. खोली नीट नसेल तर तक्रार व्यवस्थापकाकडे करावी, तिच्यावर डोळे वटारू नयेत. खोली चांगली आवरलेली असेल तर तेही व्यवस्थापकाला सांगावे. तिच्या नोकरीत त्या शब्दाचा उपयोग होतो.

स्पेनमधल्या कामगाराला आज वर्षाला किमान ३० दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते. ती कुणी दान दिलेली नाही. ती मागून, भांडून मिळाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला बेनिडॉर्म येणार नाही, हे खरे. पण येत्या जोडून आलेल्या सुट्टीत आपल्या जवळच्या एखाद्या किनाऱ्यावर, तळ्याकाठी, निदान बागेत कुटुंबाने एक दिवस काढायचे ठरवले तर हीच आखणी उपयोगी पडेल. एका दिवसाला एकच बेत. जेवण बाहेरचे, नाहीतर सगळ्यांनी मिळून बांधून घेतलेले. कामाची वाटणी आधी कागदावर. त्या कागदावर आईच्या नावापुढे काहीही लिहू नका. ती जागा कोरी ठेवा आणि तो दिवस तिला तिच्या मर्जीने घालवू द्या.